गांजा ‘शेड्यूल ३’ मध्ये गेला, तर अमेरिकेत नक्की काय बदलतं?

बोरूबहाद्दर (जानेवारी २०२६)

१८ डिसेंबरला ट्रम्प यांनी आदेशावर सही केली आणि दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सॲपवर एकच ढकलपत्र फिरतंय: ‘अमेरिकेत गांजा कायदेशीर झाला’. बातमी नीट वाचली तर ‘शेड्यूल १ मधून शेड्यूल ३ मध्ये नेण्याचं काम लवकर उरका’ एवढंच ॲटर्नी जनरलना सांगितलंय. पण २४ राज्यांनी मौजेखातरचा वापर आधीच मोकळा केलाय आणि त्यांतल्या बहुतेकांत दुकानंही उघडी आहेतच. मग हे शेड्यूल प्रकरण कुणाच्या उपयोगाचं? दुकानदार त्यासाठी देव पाण्यात ठेवून का बसलेत? एच-१बी आणि ग्रीन कार्डवर असलेल्या आपल्या लोकांना यातून काही सूट मिळते का? आणि गॅलपच्या पाहणीत २०२३ साली ७० टक्के लोक कायदेशीर करण्याच्या बाजूने असताना काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) सरळ कायदाच का करत नाही?

नीतिपाठ आणि धूम्रवलयं दोन्ही नकोत. कलमं आणि आकडे हवेत.

कलमदान

‘कायदेशीर’ हा शब्द आधी बाजूला ठेवा, सगळा घोळ त्याच्यामुळे होतो. एकाच दुकानावर एकाच वेळी दोन कायदे लागू असतात. राज्याने आपल्या फौजदारी कायद्यातून गांजा काढला आणि परवाने दिले, हा एक. दुसरा १९७० चा ‘कंट्रोल्ड सब्स्टन्सेस ॲक्ट’, जो फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा आहे आणि देशभर लागू आहे. त्यात पाच शेड्यूल आहेत. पहिल्यात टाकायचं ते दुरुपयोगाचा धोका मोठा आणि मान्य वैद्यकीय उपयोग शून्य असलेलं. गांजा तिथे हेरॉइन आणि एलएसडीच्या पंगतीला बसलाय. कोकेन, मेथ आणि फेंटानिल शेड्यूल २ मध्ये, म्हणजे कागदोपत्री गांजापेक्षा सौम्य! १९७० साली गांजाला तिथे बसवलं तेव्हा आयोग नेमून अहवाल मागवला होता. शेफर आयोगाने १९७२ मध्ये सांगितलं, स्वतःपुरता बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तो अहवाल बाजूला सारला. तात्पुरती सोय पन्नास वर्षं टिकली.

आता राज्यांची दुकानं कशाच्या भरवशावर चालतात ते बघा. कायद्याच्या भरवशावर नाही. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये वैद्यकीय वापराला परवानगी दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या गोंझालेस विरुद्ध रेच निकालात ६ विरुद्ध ३ मतांनी स्पष्ट केलं की औषध म्हणून परसात लावलेल्या रोपांवरही फेडरल बंदी लागू होते. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टनने २०१२ मध्ये मौजेखातरच्या वापरालाही मत दिलं, तेव्हा न्याय खात्याने २०१३ मध्ये ‘कोल मेमो’ काढला. सारांश असा की राज्याने नीट लगाम ठेवला असेल तर आम्ही प्राधान्याने मागे लागणार नाही. तेव्हाचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी जानेवारी २०१८ मध्ये तो मेमो रद्द केला. दुकानं बंद पडली नाहीत, पण काणाडोळ्याला लेखी आधारही उरला नाही.

खरा आधार एकच, तोही अर्धा. डिसेंबर २०१४ पासून दरवर्षीच्या खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसवलं जातं. वैद्यकीय गांजाच्या राज्य-योजनांमध्ये अडथळा आणायला न्याय खात्याने यातला पैसा वापरायचा नाही, असं ते कलम. गुन्हा गुन्हाच राहिला, फक्त पकडायला पैसे नाहीत. आणि हे वैद्यकीयपुरतंच आहे, मौजेच्या दुकानांना तेवढंही छत्र नाही.

शेड्यूल ३ मध्ये केटामीन आहे, टेस्टोस्टेरॉन आहे, कोडीन घातलेली पॅरासिटामॉलची गोळी आहे. ही औषधं एफडीए या औषध-नियामक खात्याची मंजुरी आणि डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय विकता येत नाहीत. डिस्पेन्सरीतल्या, म्हणजे गांजाच्या परवानाधारक दुकानातल्या, बरणीतल्या फुलाला यातलं एकही नाही. त्यामुळे बदल झाला तरी तो काउंटर फेडरल कायद्याने बेकायदेशीरच.

आणखी एक गोष्ट बातम्यांत सहसा येत नाही. किमान शिक्षांची कलमं शेड्यूल बघून लिहिलेली नाहीत, त्यांत गांजाचं नाव आणि वजन आहे. १०० किलो किंवा १०० रोपांना किमान ५ वर्षं, १००० किलो किंवा १००० रोपांना किमान १० वर्षं. शेड्यूल कुठलंही करा, ते आकडे काँग्रेसने बदलल्याशिवाय हलत नाहीत.

जमाखर्च

देव पाण्यात का, त्याचं उत्तर एका कलमात आहे: करकायद्याचं २८०-ई. १९८१ मध्ये एका अमली पदार्थ विक्रेत्याने करन्यायालयात जाऊन तराजू, प्रवास आणि घरातल्या ऑफिसचा खर्च वजा करून मिळवला. काँग्रेस चिडली आणि १९८२ मध्ये नियम आणला: शेड्यूल १ किंवा २ मधल्या पदार्थाचा व्यापार करणाऱ्याला धंद्याचा खर्च वजावटीला मिळणार नाही. मालाची मूळ किंमत तेवढी वजा होते, बाकी भोपळा. नियम लिहिला चोरट्या विक्रेत्यांसाठी, अडकलं परवानाधारक दुकान.

हिशेब मांडून दाखवतो, आकडे समजण्यापुरते सोपे धरलेत. वर्षाची विक्री १० लाख डॉलर. माल ६ लाखांचा. ढोबळ नफा ४ लाख. भाडं, काउंटरवरच्या पोरांचे पगार, सुरक्षारक्षक, विमा, जाहिरात मिळून ३ लाख. हातात उरले १ लाख. हेच दुकान चपलांचं असतं तर २१ टक्क्यांनी २१ हजार फेडरल कर. गांजाचं आहे म्हणून कर ढोबळ नफ्यावर, म्हणजे ४ लाखांवर ८४ हजार. उरले १६ हजार. आता भाडं वाढून खर्च ३ लाख ३० हजार झाला असं धरा. खरा नफा ७० हजार, कर तेवढाच ८४ हजार. दुकान नफ्यात आहे आणि कर भरून १४ हजारांनी बुडतंय. त्यात राज्याचा कर अजून धरलेलाच नाही. वॉशिंग्टन राज्यात गांजावर ३७ टक्के अबकारी आहे, कोलोरॅडोत घाऊकला १५ टक्के आणि किरकोळला वेगळे १५ टक्के.

२८०-ई मध्ये ‘शेड्यूल १ किंवा २’ असे शब्द आहेत. माल ३ मध्ये गेला की कलम आपोआप गळून पडतं, काँग्रेसला बोट हलवावं लागत नाही. एवढ्यासाठीच सगळी धडपड.

यातही गंमत अशी की पिकवणाऱ्याला या कलमाचा चिमटा कमी बसतो. खत, वीज, दिवे, छाटणाऱ्यांची मजुरी हे सगळं मालाच्या किमतीत धरता येतं. विकणाऱ्याला ते जमत नाही, कारण त्याचा खर्च ‘विक्री’चा. म्हणून अनेक कंपन्या पिकवणं, पॅकिंग आणि विक्री एकाच छताखाली घेऊन जमेल तेवढा खर्च मालाच्या बाजूला ढकलतात. ढकलण्यात हात सैल सुटला की आयआरएस, म्हणजे फेडरल कर खातं, दारात. दुकानाच्या भाड्यातला ‘साठवणीचा भाग’ मालात दाखवणं, हे हमखास फसणारं लचांड.

बँकेचं मात्र शेड्यूल ३ ने सुटत नाही. आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या फिनसेन या खात्याच्या २०१४ च्या सूचनेप्रमाणे बँक असं खातं ठेवू शकते, पण खात्यावर ‘संशयास्पद व्यवहार’ अहवाल भरत राहावे लागतात. मोठ्या बँका त्या भानगडीत पडत नाहीत आणि क्रेडिट कार्डवाल्या कंपन्याही व्यवहार घेत नाहीत. म्हणून कित्येक दुकानांत आतच एटीएम उभं असतं.

बोरूबहाद्दर

८४ हजारांचा हिशेब वाचून प्रकाश पडला. म्हणजे ही मुख्यतः करसवलत आहे, आणि तुरुंगातल्या माणसाला यातून काहीच नाही? आणि व्हिसाचं कुणी सांगेल का?

शिक्कामोर्तब

व्हिसाचं सांगतो, आणि हे प्रत्येकाने दोनदा वाचावं, कारण नेमका इथेच ‘आमच्या राज्यात चालतं’ हा भ्रम अंगाशी येतो.

परदेशी नागरिकाला राज्याचा कायदा कामाचा नाही. स्थलांतराचा कायदा विचारतो, फेडरल यादीतल्या ‘नियंत्रित पदार्था’बाबत कायदा मोडला का? यादी म्हणजे पाचही शेड्यूल. त्यामुळे गांजा १ मधून ३ मध्ये गेला तरी तो नियंत्रित पदार्थच राहतो आणि आपल्या लोकांसाठी यातून सुटतं शून्य.

दुसरा भ्रम: ‘पकडलं नाही, खटला नाही, मग काय?’ प्रवेश नाकारायला शिक्षा झालेली असावीच लागते असं नाही. गुन्ह्याचे सगळे घटक तुम्ही स्वतः कबूल केलेत तर तेवढं पुरतं. विमानतळावरचा अधिकारी फोन बघू शकतो. डेनव्हरच्या दुकानाबाहेरचा हसरा फोटो, पिशवीतली पावती, पाकिटातलं वैद्यकीय गांजाचं कार्ड, इथूनच पुढचे प्रश्न निघतात. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात नियंत्रित पदार्थांचा कायदा कधी मोडला का, असा सरळ प्रश्न आहे. ‘राज्यात चालतं’ म्हणून ‘नाही’ लिहिलं तर ते खोटं विधान, आणि खोट्या विधानाने प्रवेशबंदीचं स्वतंत्र कारण तयार होतं. ‘हो’ लिहिलं तर कबुली. म्हणून खोटं तर लिहायचंच नाही, आणि असं काही घडलेलं असेल तर अर्ज भरण्याआधी स्थलांतराच्या वकिलाकडे जायचं. अर्ज दिल्यावर नव्हे.

३० ग्रॅमची सवलत सगळ्यांनी ऐकलेली असते आणि बहुतेकांनी अर्धीच. स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅम किंवा कमी गांजा बाळगल्याचा एकच गुन्हा असेल, तर त्यावरून *हद्दपारी* होत नाही. एक औंस २८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण तेवढंच. पण *प्रवेश* नाकारण्याच्या कलमात ही सूट आपोआप मिळत नाही, तिथे माफीचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईलच असं नाही. परिणाम काय? असा एखादा जुना निकाल असलेला ग्रीन कार्डधारक अमेरिकेत बसून राहिला तर सुरक्षित, आणि लग्नासाठी पुण्याला जाऊन परत आला की विमानतळावर अडचणीत. तिकीट काढण्याआधी निकालाची प्रमाणित प्रत वकिलाला दाखवावी.

नागरिकत्वाचा अर्ज करताना मागच्या पाच वर्षांचं ‘सद्वर्तन’ तपासतात. नागरिकत्वाचे अर्ज तपासणाऱ्या यूएससीआयएस या खात्याने एप्रिल २०१९ मध्ये धोरणातच लिहून टाकलं की राज्यात कायदेशीर असलेल्या गांजा व्यवसायातली नोकरीसुद्धा त्या आड येऊ शकते. काउंटरवर बसणं सोडाच, हिशेब लिहिणं किंवा पैसा गुंतवणं हेसुद्धा वकिलाला विचारल्याशिवाय नको. व्यापाराचा ‘वाजवी संशय’ हे प्रवेशबंदीचं वेगळं कलम आहे आणि त्याला वजनाची मर्यादा नाही.

माफीबद्दल: बायडन यांची ऑक्टोबर २०२२ ची सरसकट माफी फेडरल कायद्याखालच्या साध्या बाळगण्यापुरती होती आणि नागरिक व ग्रीन कार्डधारकांपुरतीच. एच-१बी किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाले त्यात नाहीत. राज्याने जुना गुन्हा नोंदीतून पुसला तरी स्थलांतर खातं बहुतेक वेळा तो धरूनच चालतं.

भारतात परत येताना बॅगेत दोन गमीज (गांजाचा अर्क घातलेल्या चघळायच्या गोळ्या) टाकणाऱ्यांसाठी वेगळं पान लिहायला हवं, पण थोडक्यात. भारतात अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा आहे. भांगेची पानं गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून होळीचा दाखला देऊ नका, शेंडे आणि अर्क व्याख्येत येतात. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालानुसार मिश्रणाचं वजन करताना निव्वळ अमली द्रव्य नव्हे, सगळं मिश्रण धरतात. म्हणजे गमीजमधली साखर आणि जिलेटिनही तराजूत.

मतपेटी

काँग्रेसचं गणित. हाउसने, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने, ‘मोअर ॲक्ट’ दोनदा मंजूर केला, डिसेंबर २०२० आणि एप्रिल २०२२. त्यात गांजा शेड्यूलमधून पूर्ण बाहेर काढायचा होता. सिनेटमध्ये पुढे सरकला नाही, कारण तिथे चर्चा संपवायलाच १०० पैकी ६० मतं लागतात. साधं बँकिंगचं विधेयक घ्या, ज्याला दोन्ही पक्षांत मित्र आहेत. ते २०१९ पासून हाउसने पुन्हा पुन्हा मंजूर केलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सिनेटच्या समितीतून १४ विरुद्ध ९ ने निघालं. पुढे मतदानच नाही. आणि याला फक्त रिपब्लिकन जबाबदार नाहीत. कोरी बुकर यांच्यासारख्या डेमोक्रॅट सिनेटरांचं म्हणणं होतं, दुकानदारांना बँक मिळेल आणि जुने गुन्हे असलेली माणसं तशीच राहतील, हे आधी नको. तत्त्व बरोबर, पण त्या नादात बँकही गेली आणि माफीही. एसीएलयू या नागरी हक्कांच्या संस्थेच्या अहवालात २०१८ चे आकडे आहेत: वापर जवळपास सारखा असून गांजा बाळगल्याबद्दल काळ्या माणसाला अटक होण्याची शक्यता गोऱ्याच्या ३.६ पट. बुकर यांचा हट्ट हवेतला नव्हता.

म्हणून खरा खेळ राज्यांत, आणि राज्यांत तो आमदारांपेक्षा मतपत्रिकेवर झाला. सह्या गोळा करा, प्रश्न मतदानाला लावा. टेक्सास, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया इथे नागरिकांना ही सोयच नाही, म्हणून लोकमत काहीही असो, गाडी विधिमंडळात अडकलेली.

जिथे सोय आहे तिथेही खाचखळगे. फ्लोरिडात घटनादुरुस्तीला ६० टक्के लागतात. २०२४ ला मौजेखातरच्या गांजाच्या ‘दुरुस्ती ३’ ला जवळपास ५६ टक्के मतं मिळाली, म्हणजे ती नामंजूर. ट्रम्प तिच्या बाजूने आणि त्यांच्याच पक्षाचे गव्हर्नर डिसँटिस विरोधात. साउथ डकोटात अशीच दुरुस्ती २०२० साली ५४ टक्क्यांनी मंजूर झाली आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढल्या वर्षी उडवली: एका दुरुस्तीत एकच विषय हवा, यात बरेच आहेत म्हणून.

सगळ्यात भारी मिसिसिपी. नियम असा होता की कुठल्याही एका काँग्रेस मतदारसंघातून एक पंचमांशापेक्षा जास्त सह्या धरायच्या नाहीत. नियम लिहिला तेव्हा मतदारसंघ पाच होते. २००० च्या जनगणनेनंतर ते चार झाले. चार गुणिले एक पंचमांश, म्हणजे जास्तीत जास्त ८० टक्केच सह्या होणार, १०० कधीच नाही! लोकांनी २०२० मध्ये वैद्यकीय गांजाला दणदणीत मत दिलं आणि मे २०२१ मध्ये न्यायालयाने याच अंकगणितावर तो रद्द केला. सोबत जनतेची सह्या गोळा करण्याची पद्धतही बाद झाली. नंतर विधिमंडळाने स्वतः वैद्यकीय कायदा केला, २०२२ मध्ये. पण सह्यांच्या मार्गाची मोडतोड झाली ती झालीच.

खडूस

सगळे एकाच बाजूने लिहिताहेत, म्हणून थोडी मिरची टाकतो.

ऑरेगॉनचं उदाहरण दोन्ही बाजू चुकीचं वापरतात. तिथे गांजा २०१४ च्या मतदानाने मोकळा झाला आणि आजही आहे. गडबड झाली ती ‘मेझर ११०’ या मतपत्रिकेवरच्या प्रस्तावाची. नोव्हेंबर २०२० मध्ये ५८ टक्क्यांनी मंजूर, १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू: हेरॉइन, मेथ, सगळ्याच पदार्थांचं थोडं प्रमाण बाळगणं गुन्हा नाही, फक्त १०० डॉलरचं चलन. हेल्पलाइनला फोन करून तपासणी करून घेतली की तेही माफ. कागदावर छान. फसलं कसं? चलन भरलं नाही तरी काहीच होत नव्हतं, म्हणून फोन करायला कारणच नव्हतं. उपचारकेंद्रांचा पैसा गांजाच्या करातून यायचा होता, तो वाटायला उशीर झाला. शिक्षा पहिल्या दिवशी उठली आणि खाटा नंतर आल्या. त्याच काळात पश्चिम किनाऱ्यावर फेंटानिल पोचलं. विधिमंडळाने २०२४ मध्ये कायदा फिरवला आणि १ सप्टेंबर २०२४ पासून बाळगणं पुन्हा गुन्हा, १८० दिवसांपर्यंत तुरुंग. यावरून ‘गांजा मोकळा केला की असं होतं’ म्हणणं चूक, आणि ‘फेंटानिल आलं म्हणून, धोरणाचा दोषच नाही’ म्हणणंही पळवाट.

न्यूयॉर्क बघा. कायदा ३१ मार्च २०२१ ला, पहिलं परवानाधारक दुकान २९ डिसेंबर २०२२ ला. मधल्या एकवीस महिन्यांत बाळगणं मोकळं आणि विकायला अधिकृत जागा नाही. ती पोकळी कोपऱ्या-कोपऱ्यावरच्या बिनपरवाना दुकानांनी भरली, आणि नंतर त्यांना हुसकायला शहराची दमछाक झाली. व्हर्जिनियाने २०२१ मध्येच बाळगणं मोकळं केलं, किरकोळ विक्री अजून नाही. आधी दुकान, मग मोकळीक, हा साधा क्रम उलटा केला की चोरबाजाराला आपण होऊन जागा करून देतो.

आणि हेम्प, म्हणजे नशा जवळपास नसलेलं गांजाचंच रोप. २०१८ च्या शेती विधेयकात सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यापर्यंत डेल्टा-९ टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) असेल ते हेम्प, म्हणजे मोकळं, अशी व्याख्या केली. लिहिणाऱ्याच्या डोक्यात दोरखंड आणि सीबीडी (त्याच रोपातलं नशा न आणणारं द्रव्य). पण टक्के सुक्या वजनाचे! ५ ग्रॅमच्या गमीत ०.३ टक्के म्हणजे १५ मिलिग्रॅम, आणि कोलोरॅडोच्या परवानाधारक दुकानात एक मात्रा असते १० ची. शिवाय डेल्टा-८ या टीएचसीच्याच दुसऱ्या नशिल्या प्रकाराचं नावच व्याख्येत नाही. मग गांजाला बंदी असलेल्या टेक्सासमध्येही पेट्रोलपंपावर नशेच्या गमीज मिळायला लागल्या. नोव्हेंबर २०२५ च्या खर्चाच्या कायद्यात काँग्रेसने हे भोक बुजवलं: आता एका डब्यात एकूण टीएचसी ०.४ मिलिग्रॅमपर्यंतच. लागू एक वर्षाने, म्हणजे नोव्हेंबर २०२६ मध्ये. ज्या महिन्यात गांजा खाली उतरवायचा आदेश निघाला, त्याच्या महिनाभर आधी हेम्पचा गळा आवळला. दोन्हीवर सही एकाच माणसाची.

कलमदान

@बोरूबहाद्दर, तुरुंगातल्या माणसाबद्दल: बरोबर, शेड्यूल बदलल्याने आधी झालेली शिक्षा कमी होत नाही. त्याला माफी, शिक्षेत सूट किंवा काँग्रेसचा नवा कायदा यांपैकी काहीतरी लागतं. २०१० मध्ये क्रॅक आणि पावडर कोकेनचं शिक्षेचं १०० ला १ हे प्रमाण १८ ला १ वर आणलं, तेव्हाही आधी शिक्षा झालेल्यांना फायदा मिळायला २०१८ च्या ‘फर्स्ट स्टेप ॲक्ट’ची वाट बघावी लागली होती. आठ वर्षं.

आणि ढकलपत्रासाठी: आदेश म्हणजे नियम नव्हे. न्याय खात्याचा मसुदा मे २०२४ पासून पडून आहे, सुनावणी जानेवारी २०२५ मध्ये अडली. अंतिम नियम छापून येईल, त्यावर खटले होतील, तोपर्यंत जमाखर्च यांच्या उदाहरणातला दुकानदार ८४ हजारच भरणार.

बोरूबहाद्दर

धन्यवाद मंडळी. गटावर फक्त शिक्कामोर्तब यांचा प्रतिसाद टाकतोय. एका घरचा मुलगा उन्हाळ्यात कोलोरॅडोत डिस्पेन्सरीच्या हिशेबाची इंटर्नशिप घेणार आहे, एफ-१ वर. त्याला आधी वकिलाकडे पाठवतो.